शिंग, खूर, कान : करवीर मुलखातील गुरांची ओळख आणि माग

कोल्हापूर जिल्ह्यातील प्रत्येक गायीम्हशीच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला असावा, असा आज नियम आहे आणि तो क्रमांक नसेल तर जनावर विकता येत नाही, वाहनातून नेता येत नाही. त्याआधी कित्येक शतके हे काम अंकांवाचून चालत आले. गुराची ओळख बोलीत होती, ती ओळखणारे डोळे गावात होते, आणि जनावर हरवले किंवा चोरीला गेले तर त्याचा माग काढण्याची जबाबदारी कोणावर, हेही रिवाजाने ठरलेले होते. या दोन व्यवस्थांच्या मधल्या काळात सरकार, पोलीस, विमा कंपनी, दूध संघ आणि पशुवैद्यकीय खाते अशा अनेकांनी गुराकडे आपापल्या प्रश्नासह पाहिले, आणि ज्याचा प्रश्न त्याची खूण, या न्यायाने ओळखीची पद्धत बदलत गेली.

सर्वांत जुनी आणि आजही पूर्णपणे न सुटलेली पद्धत वर्णनाची. पेठ वडगावच्या सोमवारच्या बाजारात बैलाचा सौदा ठरताना आधी त्याचे तोंड उघडून दात पाहिले जातात. दुधाचे दात अजून पडले नसतील तर जनावर ‘आदत’, कायमचे दोन दात आले असतील तर ‘दुसा’, चार आले की ‘चौसा’, पुढे ‘सहादाती’, आणि आठही दात येऊन रांग पूर्ण झाली की ते ‘जुळले’ असे म्हणतात. जन्मतारीख कोठेही लिहिलेली नसलेल्या प्राण्याचे वय सांगण्याची ही पद्धत इतकी पक्की आहे की तिच्यावर हजारो रुपयांचे व्यवहार होतात. दातांनंतर रंग येतो : तांबडा, मोरा, बांडा (म्हणजे अंगावर मोठे पांढरे पट्टे वा ठिपके असलेला), कोसा (पांढऱ्यात करडी झाक असलेला, खिलार जातीत विशेष आढळणारा). त्यानंतर शिंगांची ठेवण, शेपटीचा गोंडा, वशिंड आणि ‘गोम’, म्हणजे केसांचा भोवरा. भोवरा कोठे आहे यावरून जनावर लाभी की खोडीचे, हे ठरवणारे शास्त्र शेतकऱ्यांत फार रुजलेले आहे. त्यातील शुभाशुभाचा भाग बाजूला ठेवला तरी एक गोष्ट मान्य करावी लागते, की माणसाच्या बोटाच्या ठशाप्रमाणे भोवरा जन्मभर बदलत नाही आणि म्हणून तो ओळखीची उत्तम खूण ठरतो. सौदा करणारा हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी, ही सर्व वर्णने एका दृष्टिक्षेपात टिपतो आणि भाव मात्र रुमालाखाली बोटे दाबून सांगतो. ओळख उघड आणि किंमत झाकलेली, असा हा बाजाराचा शिष्टाचार आहे.

या वर्णनबोलीची मर्यादा तिच्या गुणातच आहे. ‘तांबडा, चौसा, डावे शिंग मोडलेले, कपाळावर चांद’ एवढे सांगितले की गावातल्या माणसाला बैल कळतो. पण दहा कोसांवरच्या बाजारात तशाच वर्णनाचे तीन बैल उभे असू शकतात. तेथे वर्णन पुरत नाही, ओळखणारा माणूस लागतो. म्हणूनच जुन्या तंट्यांत जनावर कोणाचे हे ठरवताना वर्णनाबरोबर साक्षही लागे, आणि गुराखी, शेजारी किंवा ज्याच्या गोठ्यात ते जन्मले तो मूळ धनी यांच्या शब्दाला वजन असे. जनावराला सोडून द्यावे आणि ते कोणत्या गोठ्याकडे वळते ते पाहावे, हा गावोगाव समजला जाणारा पडताळाही त्याच विचारातला आहे; त्यात साक्ष देणारे खुद्द जनावरच असते.

राजसत्तेला मात्र एवढ्या बारकाव्याची गरज नव्हती. मराठा अमदानीच्या महसुली भाषेत ‘शिंगशिंगोटी’ हा शिंगे असलेल्या गुरांवरचा कर, ‘म्हैसपट्टी’ हा म्हशींवरचा आणि ‘वनचराई’ हा रानात चरण्याबद्दलचा आकार, असे शब्द येतात, आणि त्यांतील पहिल्या शब्दातच राज्याची नजर दिसते : शिंगे मोजली की गुरे मोजली गेली. कोणते गुरू कोणाचे, हा प्रश्न गावाने सोडवावा. राज्याला संख्या पुरे. पुढे इंग्रजी अमलात गुरांची मोजणी पद्धतशीर होऊ लागली, १९१९ साली देशव्यापी पशुगणना सुरू झाली आणि ती साधारणतः दर पाच वर्षांनी होत आली. परंतु स्वरूपाने तीही शिंगे मोजण्याचीच होती. एकेका जनावराला स्वतंत्र नाव-क्रमांक देण्याचा विचार तिच्यात नव्हता.

तसा विचार भारतीय परंपरेला अपरिचित होता असे नाही. पाणिनीने ‘अष्टाध्यायी’त गुरांच्या कानांवर करण्याच्या खुणांची एक यादीच एका सूत्रात गुंफली आहे; आठ आणि पाच हे आकडे, मणी, स्वस्तिक, स्रुवा (यज्ञातील पळी), फाडलेला कान, कापलेला कान आणि भोक पाडलेला कान अशा खुणा तिच्यात आहेत. व्याकरणाच्या ग्रंथाला त्यांची दखल घ्यावी लागली, कारण कानावरच्या खुणांवरून गायींची नावे पडत, अशा नावांत स्वर दीर्घ होत असे आणि यादीतल्या खुणा त्या नियमाला अपवाद होत्या. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त गोऽध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. राजाच्या कळपात जन्मलेल्या वासरांना महिन्या-दोन महिन्यांत डाग द्यावा, आणि डाग, अंगावरची नैसर्गिक खूण, रंग व दोन शिंगांमधले अंतर यांची नोंद ठेवावी, असे तेथे सांगितले आहे. राजाचा डाग असलेल्या जनावराच्या जागी दुसरे घुसवणाऱ्याला दंडही सांगितला आहे. त्याच प्रकरणात बुजऱ्या जनावरांच्या गळ्यात घंटा बांधण्याची सूचना आहे आणि तिची दोन कारणे दिली आहेत : साप-श्वापदांना भीती वाटावी आणि गुरे कोठे चरत आहेत ते कळावे. शाहूवाडी, राधानगरी, चंदगड या सह्याद्रीकडच्या तालुक्यांत गवळी धनगरांच्या म्हशी दाट रानात चरतात तेव्हा गळ्यातल्या घंटेचा उपयोग अजूनही तोच आहे. पळणाऱ्या गुराच्या गळ्यात अडकवले जाणारे ‘लोढणे’, म्हणजे चालताना पायांत येणारा लाकडाचा ओंडका, हे याच विचाराचे दुसरे टोक. घंटा जनावर कोठे आहे ते सांगते, लोढणे ते फार दूर जाऊ देत नाही.

असे असूनही दख्खनच्या शेतकऱ्याने मालकीसाठी डागण्याची पद्धत फारशी स्वीकारली नाही. लष्करी घोड्यांना डाग देण्याची आणि स्वारांचे वर्णन लिहून ठेवण्याची चाल सुलतानी व मोगल अमदानीत रुळली होती, कारण तेथे सरकारी पैशावर पोसलेला चांगला घोडा विकून तपासणीला मरतुकडा घोडा आणण्याची लबाडी सर्रास चाले. कुणब्याच्या दावणीला मात्र एक बैलजोडी, एखादी गाय आणि एखादी म्हैस एवढाच बारदाना असे. त्यातले प्रत्येक जनावर घरातल्या पोराइतके ओळखीचे, तेव्हा डागाची गरज कोणाला? डाग जेथे दिसे तो बहुधा औषधाचा, म्हणजे सुजलेल्या सांध्यावर तापल्या लोखंडाने दिलेला. किंवा मग देवाचा. मृताच्या नावाने वृषोत्सर्ग करताना वळूच्या एका अंगावर त्रिशूळ आणि दुसऱ्या अंगावर चक्र डागून त्याला मोकळा सोडत, आणि अशा वळूला मराठीत ‘पोळ’ म्हणत. येथे खुणेचा अर्थ अगदी उलटा होतो. इतरत्र डाग सांगतो की हे जनावर अमक्याचे आहे. पोळाच्या अंगावरचा डाग सांगतो की हे आता कोणाचेच नाही, त्याला कोणी जुंपू नये आणि हाकलूही नये. या समजुतीने इंग्रजी न्यायालयांनाही कोड्यात टाकले होते. १८८० च्या दशकात अलाहाबाद उच्च न्यायालयाने असा निवाडा दिला की मोकळा सोडलेला असा बैल कोणाच्याही मालकीचा राहत नसल्याने तो नेणे ही कायद्याच्या अर्थाने चोरी ठरत नाही.

ओळखीची बोली आणि ओळखणारे डोळे यांच्या जोडीला तिसरे अंग होते ते मागाचे, आणि करवीर मुलखाच्या इतिहासात सर्वांत अर्थपूर्ण तेच आहे. ‘माग काढणे’ हा आज केवळ वाक्प्रचार उरला आहे. एकेकाळी ते गावच्या राखणदाराचे नेमून दिलेले काम होते. पेशवाईचा मुलूख इंग्रजांच्या हाती आल्यावर १८१९ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने तेथील कारभाराचा जो अहवाल लिहिला, त्यात ही व्यवस्था तपशिलाने आली आहे आणि तिचा गाभा दक्षिणेतल्या मराठी मुलखांत सर्वत्र सारखाच होता. गावाच्या हद्दीत रात्री चोरी झाली तर चोर शोधणे हे राखणदाराचे काम. तो पावलांचा माग घेत निघे. माग दुसऱ्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन त्या गावच्या राखणदाराची खात्री पटवली की पहिल्याची जबाबदारी संपे. तेथून पुढे माग उचलणे हे दुसऱ्याचे कर्तव्य. असे करत ज्या गावापर्यंत माग स्पष्टपणे पोहोचला आणि ज्याच्या शिवेबाहेर तो गेल्याचे दाखवता आले नाही, ते गाव चोरीच्या मालाला जबाबदार धरले जाई. भरपाई आधी राखणदाराकडून, त्याच्या ऐपतीप्रमाणे; उरलेली गावावर वाटून.

ही व्यवस्था गुरांच्या बाबतीत विशेष लागू पडे, कारण दागिने माग ठेवत नाहीत, बैल ठेवतो. बैलाच्या खुराचे दोन भाग ज्या ओलसर मातीत उमटतात, तेथे एका भागाचे टोक झिजलेले आहे की काय, मागचा पाय पुढच्याच्या ठशात पडतो की बाजूला, एका पायावर भार कमी आहे की काय, हे माहितगाराला दिसते. नाल मारलेल्या बैलाचा ठसा बिननालीच्या बैलाहून वेगळा, आणि नाल सैल झाली असेल तर तो ठसा आणखीच वेगळा. हाकलून नेलेल्या गुराचा ठसा खोल व लांबट पडतो, चरत गेलेल्याचा उथळ आणि वाकडातिकडा. शेणाचा पो जागी गोल पडला असेल तर जनावर उभे होते, ओळीने सांडला असेल तर ते चालवले जात होते. उन्हाने, वाऱ्याने किंवा माणसांच्या पायाने चांगला ठसा पुसला जाऊ नये म्हणून त्यावर टोपली किंवा परात पालथी घालून ठेवायची आणि शेजारच्या गावच्या माणसाला तो दाखवायचा. पंचगंगा, भोगावती, दूधगंगा, वारणा यांच्या काठची काळी माती पावसाळ्यानंतर असे ठसे फार स्वच्छ धरून ठेवते. पश्चिमेकडच्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर मात्र माग हरवतो, आणि तेथे अंदाज बांधावा लागतो.

या रिवाजाचे कौतुक करताना त्याचे ओझे कोणावर होते ते विसरता कामा नये. राखणदारी ही महार, रामोशी, बेरड अशा जातींकडे वतनाने, म्हणजे वंशपरंपरेने चालत येणारी सेवा म्हणून होती. शिवेचे, वाटांचे आणि रानाचे ज्ञान त्यांच्याकडे, पण ज्या गुरांसाठी ते ज्ञान वापरायचे ती गुरे बहुतेक दुसऱ्यांची. आणि माग तुटला तर भरपाईचा पहिला घास त्यांच्याच तुटपुंज्या वतनातून काढला जाणार. शिवाय माग काढू शकणारा माणूस चोराच्या वाटा जाणतो, आणि चोराच्या वाटा जाणणारा स्वतःच चोर असला पाहिजे, हा संशय गावाच्या मनात कायम असे. त्यातच कोल्हापूर संस्थानाचा नकाशा फार गुंतागुंतीचा होता. विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी या जहागिरी त्याच्या पोटात, सांगली, मिरज, कुरुंदवाड ही संस्थाने शेजारी, आणि सातारा, बेळगाव, रत्नागिरी हे ब्रिटिश जिल्हे सीमेवर. एका रात्रीत हाकलून नेलेली बैलजोडी सकाळपर्यंत दुसऱ्या राज्याच्या बाजारात उभी राहू शके. गावाच्या शिवेवर माग सोपवता येई. राज्याच्या शिवेवर तो कोणाच्या हाती द्यायचा?

इंग्रजी राज्याने या प्रश्नाला दिलेले उत्तर कागदाचे होते. १८७१ सालच्या पहिल्याच कायद्याने, ज्याला मराठीत गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा म्हणतात, कोंडवाडे आणि त्यांच्या नोंदवह्या यांची रीत ठरवून दिली. कोंडवाडा म्हणजे दुसऱ्याच्या पिकात शिरलेली वा मोकाट सुटलेली गुरे अडकवून ठेवण्याची सरकारी जागा. शब्द इतका रुळला की शहरात तो आजही माणसांच्या गर्दीलाही लावला जातो. जनावर आत येताच कोंडवाड्याच्या रखवालदाराने चार गोष्टी लिहायच्या : किती जनावरे व त्यांचे वर्णन, कोणत्या दिवशी व कोणत्या वेळी आणली, पकडून आणणाऱ्याचे नाव-गाव, आणि ठाऊक असल्यास मालकाचे नाव-गाव. त्या नोंदीची नक्कल आणणाऱ्याला द्यायची. सात दिवसांत कोणी मागायला आले नाही तर पोलीस ठाण्याला कळवायचे, वर्णनाची जाहिरात लावायची, पकडले त्या गावात आणि जवळच्या बाजारात दवंडी पिटायची, आणि आणखी सात दिवस वाट पाहून लिलाव करायचा. मूळ कायद्यातले दंडाचे दरही मनोरंजक आहेत : हत्तीला दोन रुपये, उंट किंवा म्हशीला आठ आणे, घोडा, बैल वा गाय यांना चार आणे, वासरू, गाढव वा डुक्कर यांना दोन आणे, शेळीमेंढीला एक आणा. म्हशीचा दंड गायीच्या दुप्पट, हे ज्याने उसात शिरलेली म्हैस पाहिली आहे त्याला पटायला वेळ लागणार नाही. संस्थानांत ब्रिटिश कायदे आपोआप लागू होत नसत, आणि कोल्हापूर तर १ मार्च १९४९ पर्यंत स्वतंत्र संस्थानच होते. परंतु कोंडवाडा आणि त्याची नोंदवही ही कारभाराची रीत म्हणून सगळीकडे पसरली. पुढे वन कायद्यांनी राखीव जंगलात शिरलेली गुरेही याच कायद्याच्या कक्षेत आणली, आणि सह्याद्रीतल्या गवळ्यांच्या वाट्याला कोंडवाडा जंगलाच्या बाजूनेही आला.

त्याच १८७१ साली, त्याच विधिमंडळाने, गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याने काही जमातींच्या माणसांची नोंद करण्याचा, त्यांना ठरावीक जागी राहण्यास भाग पाडण्याचा आणि परवान्याशिवाय गाव सोडण्यास मनाई करण्याचा अधिकार सरकारला दिला. १९११ साली नव्या रूपात तो मुंबई इलाख्यासह सर्व ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू झाला. दोन कायद्यांची तुलना करताना अंगावर काटा येतो, कारण दोन्हींची हत्यारे तीच आहेत : वर्णन, नोंदवही, हालचालीवर बंधन. फरक एवढाच की कोंडवाड्यातले जनावर दंड भरला की सुटत असे. कोल्हापूर भागात या संशयाचे रोजचे रूप म्हणजे ‘हजेरी’. महार, मांग, रामोशी, बेरड अशा जातींतील माणसांना कोणताही गुन्हा शाबीत नसताना गावकामगारापुढे उभे राहून आपण गावातच असल्याची नोंद करून घ्यावी लागे. गाव सोडायचे तर परवानगी, परगावी मुक्काम तर तेथे हजेरी. ज्या लोकांनी पिढ्यानपिढ्या गावच्या गुरांचा माग काढला, त्यांचाच माग आता सरकार काढत होते.

राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१८ साली आपल्या संस्थानात या हजेरीला पायबंद घातला. त्याच वर्षी त्यांनी महार वतनाच्या जमिनी वतनदारांच्या नावे रयताव्याने, म्हणजे सेवेच्या अटीशिवाय साऱ्याच्या जमिनी म्हणून करून दिल्या, आणि कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले. सामाजिक सुधारणेच्या इतिहासात या निर्णयांची चर्चा नेहमी होते आणि ती योग्यच आहे. पण गुरांच्या मागाच्या दृष्टीने त्यांचा एक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. वतनाबरोबर फुकटची राखणदारी संपली, आणि शिवेवर माग सोपवण्याच्या जुन्या साखळीतली पहिली कडीच निघाली. ती निघणेच न्यायाचे होते. मात्र त्यानंतर हरवलेल्या गुराचा शोध हा पोलीस पाटील, ठाणे आणि बाजाराची पावती यांच्यावर येऊन पडला, आणि पावतीवर जनावराचे जे वर्णन लिहायचे ते पुन्हा त्याच जुन्या बोलीतले : रंग, शिंग, दात.

शहरातील म्हशींची गोष्ट मात्र वेगळीच राहिली. कोल्हापूरची ख्याती दुधाची, आणि ते दूध प्रामुख्याने म्हशीचे. पंढरपुरी जातीच्या, खांद्यापलीकडे तलवारीसारख्या जाणाऱ्या शिंगांच्या म्हशी घेऊन गवळी पेठांतून फिरत, गिऱ्हाइकाच्या दारात धार काढून देत. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर पिळलेले धारोष्ण दूध पिण्याची चाल अजून टिकून आहे. म्हैस दारात उभी करून धार काढणे हीच दुधाच्या शुद्धतेची हमी होती. कोणते दूध कोणत्या जनावराचे, हे आजच्या भाषेत ज्याला उगमापर्यंत माग लावणे म्हणतात, ते तेथे डोळ्यांदेखत घडत असे. दिवाळीच्या पाडव्याला या म्हशींची जी मिरवणूक निघते तिच्यात त्यांना भादरून, म्हणजे अंगावरचे केस काढून, तेल लावून, शिंगांना रंग व मोरपिसे लावून आणले जाते. अंगावर नक्षी आणि नावे रंगवली जातात, आणि मोटारसायकलच्या फटफटाटामागे किंवा धन्याच्या हाकेमागे म्हैस धावते तेव्हा तिची शिकवण लोकांना पाहता येते. हाकेला ओ देणारे जनावर गर्दीत हरवत नाही. ही ओळख दोन्ही बाजूंची असते.

दूध संघाच्या काळात ही समोरासमोरची ओळख ताणली गेली. १९६३ साली स्थापन झालेल्या कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाने, म्हणजे ‘गोकुळ’ने, बाराही तालुक्यांतले दूध गावच्या संस्थांमार्फत एकत्र आणले. संकलन केंद्रावर सभासदाला क्रमांक मिळाला, म्हशीला नाही, कारण मोजायचे होते ते दूध आणि त्यातली स्निग्धता. जनावराच्या कानात क्रमांक आला तो आधी कर्ज आणि विम्याच्या वाटेने. १९७३ साली सर्वसाधारण विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाल्यानंतर कर्जाने घेतलेल्या दुभत्या जनावरांचा विमा पसरला आणि त्याबरोबर कानातला बिल्ला आला. जनावर दगावले तर बिल्ला सादर केल्याशिवाय दावा मंजूर होत नाही, ही अट तेव्हापासून विम्यात मुरली आहे. हा बिल्ला गुराच्या हिताचा नव्हता आणि मालकीचाही नव्हता. एकाच मेलेल्या म्हशीवर दोन दावे होऊ नयेत, एवढेच त्याचे काम.

बारा अंकी क्रमांकाची राष्ट्रीय पद्धत राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने तयार केलेल्या ‘इनाफ’ या संगणकीय नोंदप्रणालीबरोबर रुजली. पिवळ्या प्लास्टिकचा, सुमारे आठ ग्रॅम वजनाचा हा बिल्ला दोन भागांचा असतो. चिमट्यासारख्या यंत्राने एक भाग कानाच्या मागून आणि दुसरा पुढून दाबला की खिळा कान भेदून पलीकडे अडकतो. तो कानाच्या मध्यभागी, कूर्चेच्या दोन शिरांच्या मधोमध बसवावा लागतो. रक्तवाहिनी सापडली तर जखम चिघळते, आणि कडेला बसला तर झुडपात अडकून कान फाटतो. फाटलेले कान हे या मोहिमेबद्दलच्या नाराजीचे सर्वांत दिसणारे कारण आहे, आणि शर्यतीच्या खिलार खोंडांचे धनी तर कानाला हात लावू द्यायला सहज तयार होत नाहीत, कारण त्यांच्या बाजारात देखणेपणालाही भाव असतो. सप्टेंबर २०१९ मध्ये लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस या रोगांच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हा लसीची नोंद क्रमांकावरच होऊ लागली. त्याला कायद्याचा आधार होताच. जनावरांतील सांसर्गिक रोगांच्या २००९ च्या कायद्यात लस दिलेल्या जनावराला डाग, गोंदण किंवा कानातील बिल्ला यांपैकी खूण करण्याची तरतूद आहे. पाणिनीच्या काळापासूनची साधने कायद्याच्या एका कलमात अशी पुन्हा शेजारी शेजारी येऊन बसली. युरोपात हाच बदल वेगळ्या कारणाने झाला होता; १९९६ साली ब्रिटनमध्ये गायींच्या मेंदूरोगाचा धोका माणसापर्यंत पोहोचल्याचे उघड झाल्यावर तेथे प्रत्येक गुराला पारपत्र आणि दोन्ही कानांत बिल्ले आले. तेथे शेवटी प्रश्न मांसाच्या ताटाचा होता. येथे तो लसीचा, अनुदानाचा आणि भरपाईचा आहे.

२०२२ च्या ऑगस्टपासून महाराष्ट्रात पसरलेल्या लम्पी या त्वचारोगाने हे ठळक केले. गुरांचे बाजार बंद झाले, वाहतुकीवर बंदी आली, आणि दगावलेल्या गायीमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपये अशी मदत शासनाने जाहीर केली. २०२४ च्या आरंभी गायीच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान मिळाले तेव्हा गायीच्या बिल्ल्याची पडताळणी ही त्याची अट होती. म्हशीच्या दुधाला अनुदान नव्हते, त्यामुळे म्हशींच्या या जिल्ह्यात गायींचे कान आधी भरले असतील तर नवल नाही. त्यानंतर १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री, वाहतूक आणि सरकारी दवाखान्यातील उपचार यांना मनाई झाली. वीज, पूर किंवा वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मेलेल्या विनाबिल्ल्याच्या जनावराची भरपाईही नाकारण्यात आली. कोल्हापूरला यातली परराज्याच्या गुरांची बाजू अधिक जाचक, कारण निपाणी-चिकोडीकडचे गुरू कागलमार्गे येथल्या बाजारात येणे हा जुनाच परिपाठ आहे आणि संस्थानी काळातली राज्याची शीव आता तपासणी नाक्याच्या रूपाने उभी आहे. २०१९ च्या पुरात ज्यांनी दावी कापून गुरे पाण्यात सोडली, त्यांना मदतीसाठी मृत जनावराचा पंचनामा लागला; वाहून गेलेल्या म्हशीचा क्रमांक कागदावर उरतो, पण तिच्या कानातला बिल्ला तिच्याबरोबर गेलेला असतो.

बिल्ला हरवण्यासाठी पूरही लागत नाही. गव्हाणीच्या फळीला कान घासून, झुडपात ओढला जाऊन किंवा जखम चिघळल्याने तो गळून पडतो, आणि अशा वेळी नवा बिल्ला मारून जुन्या क्रमांकाची सारी नोंद नव्या क्रमांकावर चढवण्याची सोय प्रणालीत आहे. पण नवा बिल्ला बसेपर्यंत जुना क्रमांक सांगणारे जनावराच्या अंगावर काही नसते, आणि तो माहीत करून घ्यायचा तर पुन्हा धन्यालाच विचारावे लागते की ही कोणती म्हैस, कधी व्याली, कोणाकडून घेतली. धनी सांगतो ते शिंगांवरून, भोवऱ्यावरून आणि हाकेवरून. कानात त्या वेळी असते ते फक्त एक भोक, आणि पाणिनीच्या यादीत तेही एक खूणच आहे.